सारापिकीचं अर्धवट जंगल: दोन रात्रींचा मुक्काम आणि एक फेरी

पाचपैकी चार तारे. एक तारा रात्रीच्या फेरीपायी आणि थोडा बुटांपायी कापला आहे, त्याबद्दल पुढे बोलूच. पण अमेरिकेतून कोस्टा रिकाला जाणाऱ्या आपल्या लोकांचा जो ठरलेला कार्यक्रम असतो (ज्वालामुखी, गरम झरे, झुलते पूल, समुद्रकाठची माकडं आणि परतीचं विमान), त्यातल्या दोन रात्री वाचवून इकडे द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

जागेचं नाव देत नाही. नावाशिवाय परीक्षण कसलं, असं कुणी म्हणेल. पण मालकीणबाईंनीच विनवलं होतं, की नाव इंटरनेटवर टाकू नका. चार खोल्या, एक वाट आणि गाइड त्या स्वतःच, गर्दी झाली तर झेपत नाही. तेव्हा हे एका प्रकारच्या फेरीचं परीक्षण समजा. पुएर्तो व्हिएहो दे सारापिकी या गावाभोवती जुन्या रँचवर राहायची सोय करणारी बरीच कुटुंबं आहेत. त्यांना विचारायचा प्रश्न एवढाच, की पूर्वी शेत किंवा कुरण होतं आणि आता सोडून दिलंय असा भाग तुम्ही चालवून दाखवता का? बहुतेक जण न तोडलेल्या जुन्या जंगलाचीच जाहिरात करतात. आमच्या बाईंचा माल नेमका उलटा: त्या नव्यानं उगवलेलं रान दाखवतात, आणि त्याच्यात काय काय कमी आहे तेही सांगतात. स्वतःच्या मालाची खोट ग्राहकाला दाखवणारं दुकान मी अजून दुसरं पाहिलेलं नाही.

आमचं बिऱ्हाड म्हणजे मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि माझे वडील. अण्णा संगमेश्वर तालुक्यातले. आयुष्यभर भात आणि नाचणी केली, आता वरची खाचरं पड आहेत कारण कसायला घरात माणूस नाही. त्यांना झुलत्या पुलांवर नेलं तेव्हा ते शिष्टाचार म्हणून "छान आहे हो" म्हणत होते. इथे मात्र पहिल्या कुंपणापाशीच थांबले. कुंपण म्हणजे जिवंत फांद्यांचे खांब आणि त्यावर ठोकलेली तार. खांबांना पालवी फुटलेली. "अगो बाय, हे तर आपलं गिरीपुष्प!" खरंच होतं ते. आपल्याकडे बांधावर खतासाठी लावतात तो ग्लिरिसिडिया मूळचा याच मध्य अमेरिकेचा. तिथे त्याला मादेरो नेग्रो म्हणतात आणि तिथेही तो कुंपणालाच वापरतात. त्याच कुरणात पायाखाली लाजाळू, तीही मूळची इकडचीच. अण्णा एकेका झाडाला गाववाल्यासारखे भेटत गेले आणि माझी दुभाषाची नोकरी सुरू झाली.

रँचचा इतिहास बाई लपवत नाहीत. त्यांच्या वडिलांनीच हे जंगल तोडलं. १९६० आणि ७० च्या दशकांत कोस्टा रिकात तीच रीत होती: जंगल तोडून गुरं सोडली की जमीन 'सुधारली' असं धरत, हक्क पक्का होई, बँक कर्ज देई, आणि गोमांस अमेरिकेला जाई. १९८० च्या दशकात देशातलं जंगल पाव हिश्श्याच्या आसपास उरलं होतं. मग मांसाचे भाव पडले, कर्जं महागली, आणि लांबची, उताराची, चिखलाची कुरणं लोकांनी सोडून दिली. बाईंच्या वडिलांनीही एकदम नाही, तुकड्या-तुकड्यानं सोडली. त्यामुळे आज एकाच वाटेवर चालता चालता चालू कुरण, सहा-सात वर्षांचं झुडुपी रान, तिशीतलं जंगल, चाळिशी उलटलेली कोकोची बाग आणि शेवटी ओढ्याकाठी कधीच न तोडलेला पट्टा, असं सगळं लागतं. चालायला तीन-साडेतीन तास, माणशी ४० डॉलर, रोख.

कुरणात एकच मोठं झाड उभं होतं, आल्मेन्द्रो. लाकूड इतकं कठीण, की कुऱ्हाडीच्या काळात ते तोडायच्या भानगडीत कुणी पडत नसे, म्हणून उरलं. हिरव्या मोठ्या मकाव पोपटांची घरटी मुख्यतः याच झाडाच्या ढोलीत असतात. पण बाईंनी आम्हाला वर नाही, खाली बघायला लावलं. उघड्या कुरणात गवताशिवाय काही नाही आणि या झाडाच्या सावलीत मात्र निरनिराळ्या जातींची रोपं. पक्षी उघड्यावर उतरत नाहीत, फांदीवर बसतात आणि बसल्या जागी बिया टाकतात. कुंपणाच्या गिरीपुष्पाखालीही तसंच. वटवाघळं मात्र उडता उडताच विष्ठा टाकतात, म्हणून झाड नसलेल्या जागी पहिल्या बिया टाकायचं काम बरंचसं त्यांच्याकडे. गुरांच्या वर्षांत मातीतल्या जुन्या बिया संपलेल्या असतात, आफ्रिकेतून आणलेलं चाऱ्याचं गवत रोपांना डोकं वर काढू देत नाही, आणि मग एखादं वाचलेलं झाड, एखादं कुंपण यावर सगळं ठरतं. हे ऐकायला मिळालं तिथेच माझे पैसे वसूल झाले होते.

अण्णांचा प्रश्न मात्र वेगळा होता. "मुळं? जुन्या खोडांना फुटवा येत नाही?" आमच्याकडे डोंगरउतारावर ऐन, किंजळ, कुंभा कितीही कवळ तोडा, बुंध्यातून परत फुटतात, पड टाकलेल्या जमिनीवर रान येतं त्यात या फुटव्याचा मोठा हिस्सा असतो. बाई म्हणाल्या, इथे वर्षानुवर्षं गुरं चारली, झुडूप दिसलं की कोयत्यानं छाटलं, खोडं कुजून गेली. जे आलं ते जवळजवळ सगळं बाहेरून, बीज बनून आलं. मग दोघं शेतकरी मधे मला ठेवून खोडांवर बराच वेळ बोलत होते, आणि नवरा घड्याळ बघत होता. (फोटोवाल्या नवऱ्यांना सूचना: या फेरीत पहिला तास कॅमेऱ्याला काम नाही.)

झुडुपी भागात शिरलं की गरम होतं, डास चावतात, आणि हेलिकोनियाची केळीसारखी पानं तोंडावर येतात. इथला राजा गुआरुमो, म्हणजे सेक्रोपिया. छत्रीएवढी पानं, सरळसोट पोकळ खोड. अण्णा म्हणाले, चांदाड्याचा भाऊ दिसतोय. नातं नाही, पण धंदा एकच: उघडी जागा दिसली की पहिला हजर. बाईंनी खोडावर टिचकी मारली आणि आतून मुंग्या भराभरा बाहेर आल्या. आस्तेका नावाच्या या मुंग्या पोकळ खोडात राहतात, देठाच्या बुडाशी झाड त्यांच्यासाठी पांढरे खाऊचे दाणे तयार करतं, आणि त्या बदल्यात त्या पानं खाणाऱ्या किड्यांना आणि चढू पाहणाऱ्या वेलींना हुसकावतात. लेकीनं हात लावायचा प्रयत्न केला आणि मुंग्यांनी करार तिलाही समजावून दिला.

तिच्या दृष्टीनं सगळ्या सहलीतला सर्वांत मोठा क्षण मात्र इथेच आला. हेलिकोनियाचं एक पान मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी तंबूसारखं दुमडलेलं होतं. खाली वाकून बघितलं तर पांढरीशुभ्र, लोकरीच्या गोळ्यांसारखी वटवाघळं एकमेकांना चिकटून झोपलेली, नाक-कान पिवळे. पानाच्या आडव्या शिरा कुरतडून ती स्वतःच हा तंबू करतात. खाणं जवळजवळ एकाच बारीक फळांच्या उंबरवर्गीय झाडाचं. म्हणजे त्यांना हेलिकोनियाचं दाट रान हवं आणि ते झाडही जवळ हवं. हेलिकोनियाची अशी दाटी वाढत्या रानात भरपूर मिळते. बाईंनी फ्लॅश बंद करायला लावला आणि दोन मिनिटांत आम्हाला मागे घेतलं. ही शिस्त मला आवडली.

तिशीतलं जंगल. इथे लेक म्हणाली, "आई, हेच खरं जंगल ना?" मलाही तसंच वाटलं असतं. वीस मीटरच्या वर छत, खाली गार अंधार, लॉरेल नावाच्या झाडांची सरळ खोडं, टूकनचा आवाज. बाईंनी आम्हाला इथे उभं करून विचारलं, काय दिसत नाही ते सांगा. अण्णांनी पटकन सांगितलं: म्हातारं झाड नाही, पडलेलं झाड नाही. बरोबर. सगळी खोडं साधारण एका जाडीची. मांडीएवढ्या वेली नाहीत. ढोली नाहीत, म्हणजे ढोलीत राहणारे नाहीत. कुजणारे अजस्र ओंडके नाहीत, म्हणजे त्यातली किड्यांची वस्ती नाही. खाली रोपांमध्ये मात्र पुढच्या जंगलाची झाडं आलेली होती, त्यात सर्वांत जास्त गाविलान. हे झाड या भागातल्या जुन्या जंगलातही सर्वाधिक आढळतं. शेंग तडकून बी काही मीटरवर फेकतं, म्हणून शेजारच्या जुन्या पट्ट्यातून पावलापावलानं पुढे सरकत येतं. ज्याचं बी वाऱ्यावर जातं ते लॉरेल आधीच येऊन उभं होतं.

आकडे बाई सांगत नाहीत, ते मी घरी येऊन वाचले, आणि ते त्यांच्या बोलण्याशी जुळतात. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात उष्णकटिबंधातल्या ७७ ठिकाणांचा एकत्र अभ्यास आला होता. शेती सोडल्यावर वीस वर्षांत जंगल आपल्या वेगवेगळ्या गुणांमध्ये जुन्या जंगलाच्या सरासरी ७८ टक्क्यांपर्यंत येतं. माती सर्वांत आधी सावरते, दहा वर्षांच्या आत. झाडांच्या लाकडाचा एकूण भार आणि जातींची मूळची जुळणी यांना मात्र १२० वर्षांहून जास्त लागतात. त्याआधी, २०१९ मध्ये, लॅटिन अमेरिकेतल्या जंगलांवर झालेल्या कामात हेच आणखी टोकदारपणे दिसलं: वीस वर्षांत जातींची संख्या जुन्या जंगलाच्या ८० टक्क्यांवर पोचते, पण त्याच जाती परत येण्याचं प्रमाण ३४ टक्के. म्हणजे लेकीला फसल्यासारखं वाटायचं कारण नव्हतं. मोजायला जावं तर झाडांच्या जाती खूप होत्या, फक्त बऱ्याचशा दुसऱ्याच होत्या.

कोकोची बाग हा माझा आवडता टप्पा. १९७८ च्या सुमारास मोनिलिया नावाची बुरशी कोस्टा रिकात आली. ती फळ आतून सडवते आणि वर पांढरी भुकटी धरते. काही वर्षांतच कॅरिबियन बाजूचा कोकोचा धंदा बसला. बाईंच्या घरानं बाग सोडली ती सोडलीच. पण कोको सावलीत लावतात, त्यामुळे मोठी झाडं आधीपासून डोक्यावर होती, पाचोळा होता, कुरणासारखी सुरुवात शून्यातून झाली नाही. आज तिथे कोकोची वाकडी खोडं शेवाळानं भरलेली आणि त्यांच्यावर रान चढलेलं. पाचोळ्यात लाल अंगाचे, निळ्या पायांचे नखाएवढे विषारी बेडूक टुणटुणत होते. नर ओल्या पाचोळ्यातली अंडी सांभाळतो. अंड्यांतून शेपटीवाली पिल्लं निघाली की मादी त्यांना पाठीवर घेऊन झाडावरच्या पानांच्या बेचक्यातल्या पाण्यात एकेक सोडते, आणि मग तिथे जाऊन त्यांच्यासाठी न फळलेली अंडी घालते, तेच त्यांचं अन्न. अशा सोडलेल्या बागांत हे बेडूक भरपूर सापडतात. अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले. गाविलानच्या बुंध्यापाशी मात्र बाईंनी त्यांना हाताला धरून बाजूला केलं: बाला, म्हणजे गोळी-मुंगी, तिथेच बिळं करते आणि चावली तर दिवसभर ठणका.

ओढ्याकाठचा जुना पट्टा सुंदर आहे, आणि त्याबद्दल इतरत्र भरपूर लिहिलेलं सापडेल. मी एवढंच सांगेन, की तो या फेरीत सर्वांत शेवटी येतो हे बरं आहे. आधीचे टप्पे पाहिले नसते तर मी मान वर करून "वा" म्हटलं असतं आणि पुढे गेले असते. हा पट्टा नसता तर तिशीतल्या जंगलात गाविलान कुठून आला असता, हे बाईंना सांगावं लागलं नाही. आमच्या गावच्या देवराईलगतच्या पड जमिनीचं आणि दूर सड्यावरच्या पड जमिनीचं रान वेगळं का, ते अण्णांनीच मला परतीच्या वाटेवर सांगितलं.

तरी कोकणाशी थेट तुलना करू नये. सारापिकीत वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बारा महिन्यांत वाटून पडतो. आमच्याकडे त्याहून फार कमी नाही, पण चार महिन्यांत सगळा, आणि पुढे वणवे. शिवाय आमच्याकडे पड जमिनीवर रानमोडी आणि घाणेरी माजतात. त्या दोन्ही मूळच्या अमेरिकेच्या याच उष्ण पट्ट्यातल्या. घाणेरीचं फुललेलं झुडूप सारापिकीच्या रस्त्याकडेला दिसल्यावर अण्णा म्हणाले, "ही इथली होय! मग इथेच राहायचं होतं." इथे तिला खाणारे किडे आहेत, तिची जागा ठरलेली आहे.

प्राणी परत येतात का? येतात, पण यादी फसवी आहे. आम्ही एक स्लॉथ पाहिला, हाउलर माकडं ऐकली, सायनो रानडुकरांचा उग्र वास आणि खुरांचे ठसे पाहिले, अगूती, म्हणजे घुशीसारखा कुरतडणारा प्राणी, एक पळताना दिसला. अगूती फळं पुरून ठेवतो आणि काही विसरतो, म्हणून आल्मेन्द्रोसारख्या जड बियांच्या झाडांना तो फार लागतो. पण पांढऱ्या ओठांची रानडुकरं या भागातून कधीचीच गेलीत, आणि जंगल कितीही उंच झालं तरी ती दुसरीकडून चालत येऊ शकतील असा रस्ता नाही, मधे अननसाचे मळे आहेत. बाईंनी हे हातचं न राखता सांगितलं. ज्यांना प्राणीच मोजायचे आहेत त्यांनी जवळच्या ला सेल्व्हा या संशोधन केंद्राची गाइडबरोबरची फेरी घ्यावी. १,६०० हेक्टर आहे, वर ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानाला जोडलेलं आहे, आणि तिथे शक्यता जास्त.

एका प्रश्नानं बाईंचा चेहरा बदलला. मी विचारलं, शेजारची हिरवी झुडपं छाटलेली का दिसतात? कोस्टा रिकात १९९६ च्या कायद्यानं जंगलाचं शेत करायला बंदी आहे, आणि जंगल राखणाऱ्याला सरकार इंधनावरच्या करातून पैसेही देतं. पण 'जंगल' म्हणजे कायद्यात दोन हेक्टर किंवा जास्त, ७० टक्क्यांवर छत्र, हेक्टरी साठांहून जास्त जाड झाडं. शेजाऱ्याला जमीन हातची जायला नको आहे, म्हणून झुडपं त्या मापाला पोचायच्या आत तो दर काही वर्षांनी साफ करतो. देशाच्या दक्षिण भागातल्या एका अभ्यासात अशी उगवलेली निम्मी जंगलं वीस वर्षांच्या आत पुन्हा कापली गेल्याचं दिसलं. म्हणजे वीस वर्षांत ७८ टक्के हे खरं, पण वीस वर्षं मिळाली तर. बाईंच्या भावंडांमध्येही या जमिनीवरून मतभेद आहेत असं बोलण्यातून जाणवलं. पाहुण्यांचे पैसे त्या वादात त्यांच्या बाजूनं बोलतात, हे मला पैसे देताना बरं वाटलं.

आता तक्रारी. जाहिरातीत रात्रीची फेरी धरलेली होती. पाऊस आला म्हणून रद्द झाली, समजण्यासारखं आहे, पण तिचे पैसे परत मिळाले नाहीत आणि मागितल्यावर फक्त गोड हसू मिळालं. रबरी बूट भाड्यानं देतात, मोठ्या मापाचे संपलेले होते, नवऱ्यानं दोन मापं लहान बुटांत फेरी केली आणि नंतर त्याची रसभरीत वर्णनं केली. बाईंचं इंग्रजी जेमतेम आहे. मला कामापुरतं स्पॅनिश येतं म्हणून निभावलं. तुम्हाला येत नसेल तर आधी कळवा, त्या भाचीला बोलावतात. अंघोळीचं गरम पाणी म्हणजे शॉवरच्या तोंडाला बसवलेला विजेचा डबा: कोमट आणि थोडा भीतिदायक.

जेवण शाकाहाऱ्यांना अडचणीचं नाही, पण विचारून घ्या. भात-घेवड्याचा गाय्यो पिंतो रोज सकाळी, तळलेली पिकलेली केळी, ताजं चीज, पपई. घेवड्यात डुकराची चरबी घालत नाहीत ना, हे स्पष्ट विचारलं की त्या वेगळं करून देतात. अण्णांनी जाताना नेलेली कुळथाची पिठी तशीच परत आणली, यावरून काय ते समजा.

राजधानी सान होसेहून गाडीनं दोन तास धरा, पण ३२ क्रमांकाचा महामार्ग दरडी पडून वारंवार बंद होतो, निघण्याआधी सकाळी बघा. फेब्रुवारी ते एप्रिल पाऊस त्यातल्या त्यात कमी. लांब बाह्यांचा शर्ट, डासांचं मलम, फोनला प्लास्टिकची पिशवी. दहा वर्षांखालची मुलं आणि 'जॅग्वार दिसेल का' विचारणारे मित्र नेऊ नका. वाट फार चढाची नाही पण चिखलाची आहे. अण्णा अठ्ठ्याहत्तरीत काठी घेऊन चालले, गुडघ्याचं दुखणं असणाऱ्यांनी मात्र कोकोच्या बागेपर्यंत जाऊन परतावं, बाई तशी व्यवस्था करतात. बुकिंग फक्त व्हॉट्सॲपवर, आणि उत्तर यायला तीन-चार दिवस लागतात.